अठरा लाखांचं यंत्र आणि बंद पडलेला फिल्टर

आमच्या कॉलेजात संशोधन कक्ष म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि मी. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची असली की कक्षाला पाटी लागते, एरवी ती कपाटावर आडवी पडलेली असते. तरी नागपुरातल्या मास्तर मंडळींचे प्रकल्प-प्रस्ताव मी बरीच वर्षं वाचतोय आणि त्यांत एक गोष्ट हटकून सापडते: संत्र्याची साल. सालीचा कोळसा करायचा आणि त्यानं पाणी शुद्ध करायचं. रंग काढा, शिसं काढा, क्रोमियम काढा, साल ठरलेली. संत्रानगरीचा अभिमान मलाही आहे, पण परीक्षकापुढे असल्या साली देशभरातून येऊन पडतात. कुठून केळीची, कुठून शेंगदाण्याची.

२०१९च्या उन्हाळ्यात आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम असाच एक प्रस्ताव घेऊन आल्या. दुपारची वेळ, बाहेर निघायची सोय नाही असं ऊन. एका मोठ्या केंद्रीय अनुदान योजनेची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

"सर, फक्त एक नजर टाका न. प्राचार्यांची सही झाली आहे."

विषय, सालीच्या कोळशानं भूजलातलं फ्लोराइड काढणे. फ्लोराइडचा प्रश्न आमच्याकडे खरा आहे. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या हातपंपांना ते आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्यावर गेलं की आधी पोरांच्या दातांवर तपकिरी डाग येतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की हाडं धरतात. तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड खाली बसवायची नालगोंडा पद्धत आपल्या नीरीनंच, म्हणजे नागपुरातल्या पर्यावरण संशोधन संस्थेनंच, विकसित केलेली. म्हणजे या शहरात बसून फ्लोराइडवर लिहिणाऱ्याचा परीक्षक वर्धा रोडवरच बसलेला असू शकतो. मॅडमच्या संदर्भयादीत नालगोंडाचं नाव नव्हतं.

मी प्रस्ताव मागून वाचतो, म्हणजे बजेटपासून. उद्दिष्टांत माणूस काय वाटेल ते लिहितो. त्याला खरंच काय करायचंय ते पैशांच्या तक्त्यात दिसतं. इथे पहिल्याच ओळीत एफटीआयआर यंत्र, १८ लाख, सोबत कोटेशन.

"फ्लोराइड कशानं मोजणार?"

"आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडनं."

"तो कुठे आहे यात?"

"तो रसायनांच्या खर्चात बसवला आहे."

ज्याच्यावर सगळा निकाल उभा राहायचा तो इलेक्ट्रोड किरकोळीत, आणि सालीवरचे रासायनिक गट बघायला जे यंत्र वर्षातून मोजक्या वेळा लागणार ते १८ लाखांचं. तेवढे नमुने सैफ केंद्रात, म्हणजे केंद्राच्या मदतीनं चालणाऱ्या सामायिक यंत्रांच्या प्रयोगशाळेत, फी भरून तपासून मिळतात. मॅडमनाही ते ठाऊक होतं. पण "यंत्र आलं की कॉलेजच्या नावावर राहतं" असं त्यांना वरून सांगण्यात आलं होतं. असं सांगणारे सगळीकडे असतात. परीक्षकाला मात्र तक्ता पाहिल्याबरोबर कळतं की इथे आधी यंत्र ठरलं आणि मग प्रश्न शोधला.

तेवढ्यात आमचे बडे बाबू शिक्का घेऊन आले आणि उभ्याउभ्याच त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "मॅडम, हे २४ टक्के घरभाडं मुंबई-पुण्याले असते. नागपूर वाय वर्गातलं शहर आहे. १६ टाका." जेआरएफचे, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाचे, महिन्याचे ३१,००० तेव्हा नुकतेच लागू झाले होते. १६ टक्क्यांनी घरभाडं ४,९६० होतं, यांनी ७,४४० लिहिलेलं. फरक लहान, पण आकडे दुसऱ्याच्या प्रस्तावातून उचलले आहेत हे त्यावरून उघड होतं.

मी विचारलं, "फ्लोराइडच का घेतलंत?"

इथे मॅडम पहिल्यांदा प्रस्तावाबाहेरचं बोलल्या. माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. गावात कुणीतरी देणगी म्हणून अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, फिल्टर बसवून दिला होता. फोटो निघाले, काही महिने पाणी गोड लागलं, पुढे कोणी तिकडे फिरकलं नाही. आतला माल फ्लोराइडनं भरला की तो कॉस्टिक सोड्यानं धुवायचा, मग आम्लानं ताळ्यावर आणायचा. हे ग्रामपंचायतीच्या शिपायानं करावं अशी कोणाची अपेक्षा होती कोण जाणे. आणि धुतलेलं पाणी, ज्यात सगळं फ्लोराइड एकवटलेलं असतं, ते ओतायचं कुठे? "काकू अजून त्याच नळाचं पाणी पितात, सर. त्यांना वाटतं फिल्टर चालू आहे."

"मग हे का नाही लिहिलं?"

"हे काही संशोधन वाटत नाही ना."

मला तर त्या पन्नास पानांत नसलेलं संशोधन या पाच मिनिटांत दिसलं. भरलेला माल किती दिवसांनी कामातून जातो, ते गावातल्या माणसाला कळेल कसं, टाकून दिलेल्या मालातून फ्लोराइड पावसात परत निथळतं का. सालीचं म्हणाल, तर साध्या सालीचा कोळसा फ्लोराइड फारसं धरतच नाही, त्याला झिर्कोनियमसारखा धातू जोडावा लागतो, आणि त्यावरही ढीगभर शोधनिबंध आहेत.

मी म्हटलं, "आज भरू नका."

मॅडमचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "सर, महिनाभर रात्री जागून काढलं हे. भरून टाकते न, लागलं तर लागलं." प्रस्ताव हे लॉटरीचं तिकीट आहे अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. मला ती मान्य नाही. एका विषयातले परीक्षक मूठभर असतात आणि ते नावं विसरत नाहीत. बडे बाबू माझ्या विरुद्ध होते: "भरू द्या ना सर, काहून अडवून राहिले? सही-शिक्का झाला आहे." बराच वेळ वाद चालला. शेवटी मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि काही न बोलता गेल्या. मुदत टळली.

चार-पाच दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस स्वतःच आल्या, आणि आम्ही योजना शोधायला बसलो. इथेही मी उलटाच जातो. कुठे किती पैसे मिळतात हे नंतर. आधी गेल्या काही वर्षांत मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या याद्या वाचायच्या. वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या आयसीएमआरला आजार दिसला पाहिजे, अणुऊर्जा खात्याच्या बीआरएनएस या संशोधन मंडळाला अणुविज्ञानाशी नातं दिसलं पाहिजे, आणि कॉलेजला यूजीसीच्या १२(ब) खाली, म्हणजे केंद्राचं अनुदान घ्यायला, मान्यता असल्याचं पत्र बरेच ठिकाणी लागतं. ते पत्र कुठल्या फायलीत आहे हे फक्त बडे बाबूंना माहीत असतं.

जुळली ती तेव्हाच्या सर्बची, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्रीय मंडळाची, 'टेअर' योजना. (सर्ब आता एएनआरएफ या नव्या संस्थेत विलीन झालं आहे.) राज्य विद्यापीठातल्या किंवा कॉलेजातल्या कायम शिक्षकानं एखाद्या राष्ट्रीय संस्थेत जाऊन काम करायचं. वर्षाला ५ लाख संशोधनासाठी, निम्मे आपल्या कॉलेजला, निम्मे त्या संस्थेला. शिक्षकाला वर्षाचे ६०,००० वेगळे. १८ लाखांचं यंत्र यात बसतच नव्हतं, आणि लागणारही नव्हतं, कारण यजमान संस्थेकडे ते होतं. शहरातल्याच एका प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना मॅडमनी तीन परिच्छेदांची मेल केली. त्यांचा उलट प्रश्न एकच: "त्या बंद फिल्टरमधला माल मिळेल का?" मॅडम पुढच्याच रविवारी गावी जाऊन पिशवी भरून घेऊन आल्या. काकूंना नळाचं पाणी पिऊ नका हेही तेव्हाच सांगून झालं.

प्रस्ताव मंजूर झाला, टाळेबंदीनं लांबला, रखडत पुरा झाला. सालीचा उल्लेख एका वाक्यापुरता उरला होता. मॅडम आता इतरांचे प्रस्ताव मागून वाचतात.

हिशेबाच्या वेळी मात्र बडे बाबू खरोखर दुखावले. प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात पडून असलेल्या पैशांवर व्याज जमलं होतं, आणि नियमाप्रमाणे ते भारतकोष पोर्टलवरून सरकारजमा करायचं होतं. "खातं आपलं, सांभाळलं आपण," ते म्हणाले, "अन् व्याज दिल्लीले? मग बँकेत कायले ठेवलं, माझ्या कपाटात ठेवायचे होते." उपयोगिता प्रमाणपत्रावर त्यांनी शिक्का मारला तो दुसऱ्या दिवशी.