यादीची सुरुवात भिंतीपासून

पन्नास हजारांत गेमिंग पीसी बसवायचे ठरले की घरात सर्वांत आधी चर्चा होते ती ग्राफिक्स कार्डाची, आणि सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत, ज्याची सोय लावली जाते तो एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना चालेल अशी करून देणारा डबा. आंब्याचे पैसे हाती आल्यावर माझ्या पुतण्याने वहीच्या मागच्या पानावर जी यादी करून आणली, तिचाही क्रम हाच होता. यादी वाईट होती असे मी म्हणणार नाही. उलट त्याच्या वयाच्या मानाने ती फारच समंजस होती. मात्र ती पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये शोभली असती. आमचे घर रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी, कातळावर बांधलेले आहे, आणि येथे यादीची सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून करावी असे माझे ठाम मत आहे.

आधी यादीतले चांगले सांगतो. प्रोसेसर म्हणून त्याने इंटेलचा कोअर आय३-१२१००एफ निवडला होता. २०२२ सालच्या या प्रोसेसरला कोअर चारच आहेत, पण फुल एचडी मॉनिटरवर खेळणाऱ्याचे त्यात भागते आणि वाचलेला पैसा कार्डाकडे वळवता येतो. नावातल्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही असा होतो, हे त्याला ठाऊक होते. ज्यांना ठाऊक नसते ते 'कार्ड पुढच्या हंगामात बघू' असे म्हणतात आणि घरी येऊन काळ्या पडद्यासमोर बसतात. कार्डाच्या बाबतीत ८ जीबीचे आरटीएक्स ३०५० की आरएक्स ६६०० यात त्याचा जीव टांगलेला होता. मेमरी दोघांचीही सारखीच, विजेची भूकही दोघांची १३० वॉटांच्या आसपास, पण नेहमीच्या खेळांत दुसरे स्पष्टपणे पुढे. पहिल्याच्या बाजूने होते ते केवळ मित्रांमधले वजन. त्या वजनाला मी भुललो नाही. रॅमची १६ जीबीची एकच पट्टी त्याने लिहिली होती, ती खोडून ८-८ च्या दोन करायला लावल्या, कारण दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. मॉनिटर घरातलाच जुना, ६० हर्ट्‌झचा. तो सेकंदाला साठच चित्रे दाखवणार, तेव्हा त्याहून मोठ्या कार्डाचे स्वप्न आपोआप मिटले.

आता भिंत. कातळावरच्या घरात अर्थिंगचा खड्डा खणणे हे कोणाच्याही जिवावर येणारे काम आहे. जांभ्यात पहार चालत नाही, ओतलेले पाणी झिरपून जाते, आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकला की त्यात कोळसा-मीठ घातलेले असूनही अर्थिंग नावापुरतेच उरते. अशा घरात अनवाणी पायांनी पीसीच्या कॅबिनेटच्या, म्हणजे पेटीच्या, मागच्या उघड्या पत्र्याला ओझरता हात लागला तर बोटांना बारीक झिणझिण्या जाणवतात. पुष्कळ जण त्याला 'थोडा करंट येतो' असे म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून पत्र्याला जोडलेले लहान कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट त्यांनी जमिनीत उतरवायचा असतो. जमिनीची वाटच बंद असली की पत्रा २३० व्होल्टांच्या जवळपास निम्म्यावर तरंगत राहतो. हा प्रवाह अगदी क्षीण असतो, परंतु मॉनिटरची केबल चालू पीसीला लावता-काढताना एखादे पोर्ट दगावायला तो पुरेसा ठरू शकतो. म्हणून यादीच्या पहिल्या ओळीवर मी 'वायरमन' असे लिहिले. पुतण्याने ते भाग म्हणून मान्य केले नाही, पण खोडलेही नाही.

दुसऱ्या ओळीवर एसएमपीएस आला. हा प्रोसेसर आणि हे कार्ड मिळून अडीचशे वॉटांच्या आसपास खाणार, म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा (हा शिक्का वीज कमी वाया जाते याची खूण), ५५० वॉटांचा एसएमपीएस निवांत पुरतो. खोक्यावर मोठा आकडा छापलेल्या स्वस्त डब्यापेक्षा तो केव्हाही बरा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते-येते, आणि इन्व्हर्टर तिची जागा घेईपर्यंतचा क्षण एसएमपीएसला आपल्या साठ्यावर काढावा लागतो. हा साठा साधारण १६ मिलिसेकंदांचा असतो. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' असे लिहिलेला खटका बहुधा असतो, तो त्या बाजूला नसेल तर बदल सावकाश होतो आणि खेळ ऐन रंगात असताना पीसी बंद पडतो. शिवाय जुन्या इन्व्हर्टरमधून येणारी चौकोनी लाट नव्या एसएमपीएसना मानवतेच असे नाही. काही गुणगुणतात, काही सरळ बंद होतात. तेव्हा इन्व्हर्टर बदलायचाच असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गोलसर लाट देणारा, घ्यावा.

कॅबिनेटवरून मात्र वाद झाला. त्याला समोर काच आणि आत रंगीत दिवे हवे होते. मला समोर जाळी आणि जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर हवा होता. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. जुलैत स्वयंपाकघरातल्या बरणीत होते तेच मदरबोर्डावर बसलेल्या खाऱ्या धुळीचे होते, आणि त्या ओलीतून तांबे हिरवे पडू लागते. यावर एक सोपा उपाय आहे: यंत्र नियमित चालवावे, म्हणजे आतली हवा गरम राहते आणि ओल धरत नाही. हे मी बोलून गेलो आणि पुतण्याने लगेच धरले. "म्हणजे काका, पावसात तो रोज चालवायलाच हवा." आतून वहिनी म्हणाल्या, "चालव की. चालवायला खेळायला कशाला हवं?"

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, संगणकाच्या भागांच्या बाजारात, करायची ठरली. तेथे 'पक्कं बिल की कच्चं?' असे विचारले जाते, आणि १८ टक्के जीएसटी वाचवण्याचा मोह आमच्यासारख्यांनी तरी टाळावा, कारण भाग बिघडला तर कुरियरने परत पाठवताना हातात तो कागदच लागतो. जुने कार्ड स्वस्तात घ्यायचे असेल तर त्याच्या पट्टीचे स्क्रू पाहावेत. ते गंजलेले असतील तर ते कार्ड आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेले असण्याची शक्यता धरावी. गणपतीला येणारा कोणी चाकरमानी सामान घेऊन येईल, पण सुट्या खोक्यांत. पीसी तिकडेच पूर्ण बसवून आणला तर वाटेतल्या प्रत्येक हिसक्याला कार्डाचे सगळे वजन स्लॉटवर येते, आणि मुंबई-गोवा महामार्गाविषयी कोकणातल्या वाचकाला मी अधिक काही सांगायला नको.