औषध आहे ना, मग अजून काय शोधता?

टीबीला औषध आहे, सरकार फुकट देतं, मग तुम्ही इतकी वर्षं काय शोधताय? लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर फिरताना, कुठंही हे ऐकावं लागतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

औषध आहे. ते सहा महिने का घ्यावं लागतं, यावर माझं काम आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ २० तास लागतात. ऑक्सिजन कमी पडला की तो वाढायचंच थांबतो. बहुतेक औषधं वाढत्या जंतूला मारतात, निजलेला उरतो. खोकला थांबतो, वजन वाढतं, तरी तो आत असतो. ही झोप मी बंद नळीत घडवते. नळीत मेथिलिन ब्लू घातलेलं असतं, ऑक्सिजन संपत आला की निळा रंग विरत विरत पाण्यासारखा होतो. तो क्षण बघायला मी रात्री थांबलेली आहे.

हे मी करते ते स्मेग्मॅटिसवर, म्हणजे टीबीच्या जंतूच्या निरुपद्रवी भाऊबंदावर. खऱ्या जंतूसाठी लागते तशी बंदिस्त प्रयोगशाळा माझ्याकडे नाही. "म्हणजे टीबीवर नाहीच की तुमचं काम," असं कुणी म्हटलं की मला लागतं. कारण ते अगदीच खोटं नाही.

आता आत्तीचं. नातेवाइकांना ती बहिरी आहे एवढं माहीत आहे, पुढचं मी कधी बोलले नाही.

मी एमएस्सीला होते. तिला टीबी झाला, गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात मी कागलला गेले, तर गाल भरलेले, भाकऱ्या बडवत होती. "आत्ती, छान दिसतीस गं," म्हणाले आणि जेवून परत आले. टीबीच्या जंतूच्या भिंतीतल्या मायकोलिक ॲसिडवर सेमिनार दिलेली मुलगी, गोळ्या घेतेस का एवढं विचारलं नाही.

दिवाळीत भात करायला तांदळाच्या डब्यात हात घातला, तर जुन्या लुगड्याच्या चिंधीची गाठ हाताला लागली. आत लाल कॅप्सूल, मोजल्या तर २७. थोड्या पांढऱ्या गोळ्या, तांदळाच्या पिठीनं माखलेल्या. रिकामी पाकिटं परत दाखवायची असत, म्हणून ती गोळ्या सोलून ठेवायची. लाल घेतली की लघवी नारंगी होते, सुनेसमोर लाज वाटायची. मग कधी लाल घ्यायची, कधी नुसती पांढरी. जंतूला एकेका औषधाला निर्ढावायला याहून सोपी वाट नाही. "टाकल्या का नाहीस?" मी ओरडलेच. "औशद हाय पोरी, चुलीत कसं घालू?"

रोग उलटला तेव्हा रिफॅम्पिसिन, म्हणजे तीच लाल कॅप्सूल, चालेनासं झालं होतं. मग सहा महिन्यांवर कानामायसिनची इंजेक्शनं, ती कानांवर उठू शकतात. आधी कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग नातवंडांचा आवाज. आता ती इंजेक्शनं मागं पडली, बेडाक्विलिनसारख्या तोंडी गोळ्या आल्या. तिचे कान त्याआधीच गेले.

त्या वेळी मी स्वतःला बजावलं होतं, कोर्स लहान करणारं काहीतरी शोधायचं. आज वाटतं, त्या मुलीनं ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं तो सोडून जमेल तो प्रश्न घेतला. लाज, पोटातली आग, सुनेची नजर यांवर माझ्या नळीत काय आहे? पण लगेच दुसरंही वाटतं. २०२१ मध्ये चार महिन्यांचा एक कोर्स चाचणीत सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला. झोपलेल्या जंतूला गाठलं तर चाराचे दोन का होणार नाहीत?

गेल्या दिवाळीत नातवाच्या पाटीवर लिहून तिला विचारलं, का सोडल्यास? स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ती फार मोठ्यानं बोलते. अख्ख्या सोप्याला ऐकू गेलं.

"दोन म्हैनं नेमानं घेतल्या की गं मी."