तळं राखी तो...

'अ‍ॅनिमल फार्म'बद्दल माझं मत तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ठाण्यात, पाचपाखाडीत आमच्या घरी महिन्यातून एकदा आठ-दहा जण पुस्तकावर गप्पा मारायला जमतात. जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म', म्हणजे रशियन क्रांतीवरची ती रूपककथा, निघालं की कुणीतरी विचारतंच, मालकाला हाकलून 'सगळे प्राणी समान' म्हणणारी ती डुकरं बिघडली नेमकी कधी? नेपोलियन नावाच्या डुकराने कुत्रे सोडून स्नोबॉल या दुसऱ्या पुढारी डुकराला पळवलं तेव्हा, असं बहुतेकांना वाटतं.

मला वाटतं, त्याच्या कितीतरी आधी. बंडाच्या दुसऱ्याच दिवशी. भिंतीवरचे सात नियम अजून ओले आहेत आणि गाई हंबरतायत, कारण चोवीस तासांत धार काढलेली नाही. डुकरं धार काढतात, पाच बादल्या फेसाळ दूध निघतं. एक कोंबडी म्हणते, मालक कधीकधी यातलं थोडं आमच्या खाण्यात कालवायचा. नेपोलियन बादल्यांसमोर उभा राहतो. दुधाचं बघू नंतर, आधी कापणी! संध्याकाळी सगळे परततात तेव्हा दूध गायब. पुढे सफरचंदांचंही तेच. डुकरं म्हणतात, आम्हाला हे आवडत नाही हो, पण डोक्याचं काम आमच्याकडे आहे ना! आणि याला स्नोबॉलचीही संमती असते, ज्याला आपण वाचताना बिचारा म्हणतो. कथेला वळण इथेच आहे, असं खुद्द ऑर्वेलनेच 1946 साली अमेरिकन लेखक ड्वाइट मॅकडोनल्डला पत्रात लिहिलं होतं आणि पुढे कंसात एकच शब्द, क्रोन्श्टाट. क्रोन्श्टाट हा रशियाचा नाविक तळ; क्रांतीला साथ दिलेले तिथले खलाशी 1921 मध्ये मुक्त निवडणुका मागत होते. क्रांतीनंतर सत्तेवर बसलेल्या बोल्शेविकांनी त्यांना चिरडलं.

आपल्याकडे यावर तयार म्हण आहे, तळं राखी तो पाणी चाखी. तलावांच्या गावात राहून ती कितीदा ऐकलीय! चिडून म्हणताना मात्र कुणालाच ऐकलं नाही, लोक हसून म्हणतात.

1944 मध्ये कवी टी. एस. एलियटने हे पुस्तक प्रकाशकाच्या वतीने नाकारलं, तेव्हा त्याचं म्हणणं साधारण असं होतं की डुकरं हुशारच आहेत, फक्त लोकहिताची चाड असलेली जास्त हवीत. आमच्या सोसायटीच्या प्रत्येक सर्वसाधारण सभेत हेच ऐकू येतं, कमिटीत चांगली माणसं हवीत.

तर तो चांगला माणूस चार वर्षं मी होतो. सेक्रेटरी. आधीच्या कमिटीची मनमानी मोडून पार्किंगच्या चिठ्ठ्या टाकायची पद्धत आम्हीच आणली. पहिल्या वर्षी लहान मुलीच्या हातून चिठ्ठ्या काढल्या, टाळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं, टँकरवाला रात्री-अपरात्री येतो, तुम्हालाच खाली धावावं लागतं, तुमची गाडी आतच असू दे. मी नको-नको म्हणालो, दोनदा. मग लिफ्टजवळची जागा घेतली.

गेल्या वर्षी कमिटी सोडली. चिठ्ठीत नाव आलं नाही, गाडी रस्त्यावर आली. नोटीस बोर्डासमोर उभा राहून पहिल्यांदा नीट वाचलं, 'पार्किंग चिठ्ठी टाकून (कमिटी सदस्य वगळून)'. तडक नव्या सेक्रेटरीकडे गेलो, हा कंस कुणी घातला? त्याने मिनिट्स बुक काढलं, पान शोधून माझ्यापुढे सरकवलं.

"काका, अक्षर तुमचंच आहे."