बाबांसाठी कुठलं अ‍ॅप टाकू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते; नाहीतर पंगतीत हा विषय निघाला की मी वाढप्याला हाक मारते.

प्रश्न ठरलेला असतो. "तू ते आरोग्याच्या अ‍ॅपचं काम करतेस ना? मग आमच्या बाबांसाठी एखादं चांगलं सांग की, गोळ्यांची आठवण करून देणारं." गेल्या बारा वर्षांत हे मला आत्याने विचारलंय, सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय, गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या मुलाने विचारलंय. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी, माझ्या तोंडात कापूस असताना. बाबांच्या जागी कधी आई असते, कधी सासूबाई. माझं उत्तर मात्र एकच: "आधी त्यांच्या गोळ्यांचा ड्रॉवर उघडून बघ." लोकांना वाटतं, ही टाळतेय. म्हणून एकदा काय ते सविस्तर लिहिते.

मी डिझायनर. पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, घंटा किती वेळा वाजवावी, हे ठरवणं माझं काम. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने गोळ्यांची आठवण देणारं एक अ‍ॅप केलं. मराठीत, ठसठशीत अक्षरांत, म्हाताऱ्या माणसांना चष्मा शोधावा लागू नये असं. मला त्याचा इतका अभिमान होता की पहिल्या आठवड्यातच सांगलीला जाऊन बाबांच्या फोनवर टाकून आले.

बाबा एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. हिशेबाला पक्के. रात्री डेपोत रोकड भरताना चार आणे कमी पडले तर स्वतःच्या खिशातून घालायचे आणि घरी येऊन ते चार आणे कुठे गेले असतील यावर आईशी तासभर बोलायचे. असा माणूस अ‍ॅप नीट वापरणार यात मला शंका नव्हती, आणि त्यांनी वापरलंही. रोज सकाळी सव्वाआठच्या सुमारास पुण्यात माझ्या फोनवर हिरवी खूण उमटायची: ‘घेतली’. मी निवांत डबे भरायला लागायचे.

तीन महिन्यांनी बाबांचं बीपी तपासलं तर वरचा आकडा एकशे साठच्या पुढे. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित चालू आहेत ना? मी पुण्यातून मोठ्या ऐटीत अ‍ॅपचा तक्ता पाठवला. नव्वद दिवस, नव्वद हिरव्या खुणा. डॉक्टरांच्या समोर पुरावाच आला म्हटल्यावर त्यांनी शहाण्या माणसाने करावं तेच केलं: पाच मिलिग्रॅमची गोळी दहाची केली.

दिवाळीत घरी गेले. उटण्याची पुडी शोधताना बाबांचा ड्रॉवर उघडला, तर मागच्या कोपऱ्यात रबरबँड लावून नीट रचलेल्या, न फोडलेल्या पट्ट्या.

"बाबा, हे काय?"

"ठेवल्यात."

"पण फोनमध्ये तर रोज ‘घेतली’ आहे."

"सारखं कोकलतंय गं ते. घेतली दाबलं की गप बसतंय."

मग त्यांनी पाय पुढे केला. "हे आत्ता बरं आहे. मागं बघायला हवं होतंस. चपलेचा पट्टा बसंना. गोळी थांबवली, पंधरा दिवसांत उतरलं."

बाबांचं निदान बरोबर होतं. त्यांना अ‍ॅम्लोडिपिन दिलेलं होतं. रक्तदाबासाठी ते आपल्याकडे सर्रास दिलं जातं, आणि त्याने काहींच्या घोट्यांवर सूज येते. डोस वाढवला की सुजेची शक्यताही वाढते. म्हणजे माझ्या नव्वद हिरव्या खुणांच्या जोरावर डॉक्टरांनी त्यांना तेच औषध दुप्पट लिहून दिलं होतं, ज्याने त्यांचे पाय सुजत होते. बरं की तेही ते घेत नव्हते! खरा प्रकार कळल्यावर डॉक्टरांनी दुसऱ्या गटातलं औषध दिलं, आणि पुढच्या महिन्यात बीपीही खाली आलं.

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"गोळी बंद केली म्हटलं की ओरडतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण बाबा नव्हते. आमच्या पडद्यावर दोनच बटणं होती: ‘घेतली’ आणि ‘नंतर आठवण करा’. ‘नंतर’ दाबलं की दहा मिनिटांनी पुन्हा घंटा. तिसरं बटण असावं, ‘आज घेणार नाही’ असं, आणि मागोमाग कारण विचारावं, असं टीममधल्या एका मुलीने सुचवलं होतं. पडदा सुटसुटीत राहायला हवा म्हणून मीच ते काढायला लावलं. आम्ही सगळा इलाज विसरण्यावर केला होता, आणि बाबा एक दिवसही काही विसरले नव्हते. चार आण्यांसाठी जीव टाकणारा माणूस तीन महिने रोज सकाळी खोटं बोलला, कारण खरं बोलायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

यंत्राशी खोटं बोलताना माणसाला काहीच वाटत नाही, हे मला एरवी ठाऊक असायला हवं होतं. एका ऑफिसात मनगटी पट्ट्यांवरून पावलांची स्पर्धा ठेवली होती, रोज दहा हजार. आमच्यातल्या एकाला नुकतं बाळ झालेलं, तो रात्री पट्टी पाळण्याच्या दोरीला बांधायचा. दुसरा आला तो स्पर्धेत. (पहिला कोण आला हे सांगत नाही, त्याच्याकडे कुत्रा होता.) आणि ज्या दहा हजारांसाठी हा खटाटोप, तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, जपानमध्ये ‘मान्पो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर. विकायला सोपा, लक्षात राहायला सोपा. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सत्तरीच्या आसपासच्या सोळा हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की रोज साधारण चार हजार चारशे पावलं चालणाऱ्यांनाही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बराच फायदा होतो, आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढत नाही. आमच्या आईला हे सांगितल्यापासून ती देवळापर्यंतच जाते.

पण गोळ्यांकडे येऊ. या धंद्यात मला मनापासून आवडलेल्या रचना दोनच आहेत, आणि दोन्हींत पडदाच नाही.

टीबीचं नेहमीचं औषध सहा महिने चालतं. पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, माणूस कामावर जायला लागतो, आणि गोळ्या सुटतात त्या तिथेच. पूर्वीच्या डॉट्स पद्धतीत, निदान सुरुवातीचे दोन महिने, आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळी गिळावी लागायची. ज्याचं पोट रोजंदारीवर त्याने आठवड्यातून तीन सकाळी कुठून आणायच्या? २०१७ नंतर देशभर रोज घ्यायच्या गोळ्या आल्या, आणि मग प्रश्न पडला की घरी बसून घेतली हे कळणार कसं. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये जन्मलेली ‘९९डॉट्स’ ही पद्धत यासाठी वापरली गेली. गोळ्यांची पट्टी एका जाड कागदाच्या पाकिटात बसवलेली. गोळी दाबून काढली की कागद फाटतो आणि आत छापलेला फोन नंबर दिसतो. त्या नंबरवर फोन लावायचा, पैसे पडत नाहीत. पुढच्या गोळीमागे कुठला नंबर असेल हे आधी कळत नाही, त्यामुळे पाकीट फोडल्याशिवाय बरोबर नंबर लागणार नाही. बटणांचा साधा फोन चालतो. वाचता आलं नाही तरी आकडे ओळखता येतात.

मिस्ड कॉल! ‘खाली आलोय, दार उघड’ सांगायला आपण वर्षानुवर्षं जे केलं तेच. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. आणि ‘घेतली का?’ असं कुणी विचारतही नाही. नंबर गोळीच्याच पाठीवर लिहिलेला.

तरीही हे काही जादूचं पाकीट नव्हतं. पुढे संशोधकांनी न कळवता रुग्णांच्या घरी जाऊन, लघवीत औषध उतरलंय का हे तपासून नोंदींशी ताडून पाहिलं, तर मेळ नीट बसेना. गोळी घेतलेली पण फोन केलेला नाही, असे बरेच निघाले. आणि कर्मचाऱ्यांनी रुग्णाच्या वतीने भरलेल्या नोंदी धरल्या, तर न घेणारेही घेणाऱ्यांत जमा. म्हणजे तिथेही कुणीतरी, गप बसावं म्हणून, ‘घेतली’ दाबत होतंच. गंमत अशी की टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी लालसर होते, आणि जुने आरोग्य कर्मचारी नुसत्या त्या रंगावरून ओळखायचे. त्याला ना बॅटरी लागत ना रेंज.

दुसरं उदाहरण मुंबईचं. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली सुरू केलेली ‘अरमान’ ही संस्था गरोदर बायकांना आणि नव्या आयांना फोनवर, त्यांच्या भाषेत, सल्ला ऐकवते; योजनेचं नाव ‘एममित्र’. त्यातली मला भावलेली गोष्ट अगदी बारीक आहे: फोन किती वाजता यावा हे बाईने सांगायचं. ज्याने चाळीत एक दुपार काढलीय त्याला याचं मोल कळेल. घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात, नवरा साइटवर. सकाळी अकराला आलेला लोहाच्या गोळ्यांचा सल्ला सेंट्रिंगचा माणूस ऐकणार. रात्री जेवणं आटोपल्यावर तोच फोन आला तर दोघंही ऐकतात, आणि सासू कान देऊन.

तरी कालांतराने कॉल ऐकणं सुटतंच. मग संस्थेने गुगलच्या संशोधकांना घेऊन, कुणाचं ऐकणं सुटत चाललंय याचा अंदाज यंत्राकडून काढून घेतला. तेवीस हजार बायकांवर करून पाहिलं तेव्हा ही गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. यातलं यंत्राचं काम यादी करण्यापुरतं. यादी हातात घेऊन फोन लावणारी आणि "ताई, काय झालं, आवाज येत नाही का?" विचारणारी बाई हाडामांसाची. आमच्या बाबांच्या अ‍ॅपमध्ये नेमकी हीच बाई नव्हती. मी होते, पण मी हिरव्या खुणा बघत होते, फोन करायचा तर "जेवलात का?" एवढंच विचारायची.

म्हणून कुणी अ‍ॅप विचारलं की मी उलट विचारते. गोळ्या कुठे ठेवतात? सकाळी आठला ते कुठे असतात, नळावर, देवघरात की भाजी आणायला? आणि एखाद्या गोळीने मळमळलं तर घरात कुणाला सांगतील? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण थांबतात. उत्तर आलं, तर मग कुठलंही फुकटचं अ‍ॅप टाका, फोनमधला साधा अलार्मही चालेल. खरोखर विसरणाऱ्या माणसाला घंटेचा उपयोग होतोच. मी काही घंटेच्या विरोधात नाही, पगार तिच्यावरच चालतो.

आमच्या घरचं ते अ‍ॅप बाबांनी त्याच दिवाळीत काढून टाकायला लावलं. त्यानंतर त्यांनी स्वतःच एक सोय केली. दोनशे पानी वहीत उभ्या रेघा मारल्या आणि सरळ वेबिल आखलं, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा तक्ता. कंडक्टरला गाडी सुटताना तिकिटांचा सुरुवातीचा नंबर लिहावा लागायचा आणि शेवटी उरलेला. मधला फरक म्हणजे विकलेली तिकिटं. बाबा रविवारी रात्री प्रत्येक पट्टीतल्या गोळ्या मोजतात, वहीत लिहितात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मोजतात. रोज काही दाबायचं नाही, रोज कुणाला उत्तर द्यायचं नाही. शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यात कधी ‘चक्कर, दुपारी’, कधी ‘पाय ठीक’. डॉक्टरांकडे जाताना वही पिशवीत असते, आणि डॉक्टर शेऱ्याचा रकाना आधी वाचतात.

रविवारी साडेआठला मी फोन करते. ते मला आकडे वाचून दाखवतात, आवाज अगदी तपासनीस गाडीत चढल्यावर व्हायचा तसा. मागच्या रविवारी मध्येच थांबले.

"बीपीच्या आठ राहायला हव्यात. नऊ आहेत."

"का हो?"

"गुरुवारी कवठेमहांकाळला गेलतो, बारशाला. डबी घरीच राहिली."

"मग शेऱ्यात काय लिहिलंत?"

"फेरी रद्द."