आमची वाटचाल : हातोडी, जाळी आणि लाल रंगाची मिल

आम्ही हॅमर मिल, म्हणजे फिरत्या हातोड्यांनी मका दळून जाळीतून पीठ पाडणारी चक्की, बनवून आफ्रिकेत पाठवतो. तिचा जीव हातोडीत असतो, हे धंद्यातल्यांना सांगायला नको. तापवून पाणी नीट दिले नसेल, म्हणजे पोलाद कडक केले नसेल, तर हातोडीची कड गोल होते, मका दळण्याऐवजी ठेचला जातो आणि मग जाळी फाटते. नैरोबीच्या किरिन्यागा रोडवरचे आमचे पहिले गिऱ्हाईक, आम्ही त्यांना शेठच म्हणतो, पेटी उघडली की आधी हातोडीवर कानस फिरवायचे. पोलाद कडक असल्याने कानस घसरली तरच बिल हातात घ्यायचे. केनियात या यंत्राला पोशो मिल म्हणतात. ती विकायला आम्हाला शेठनी शिकवले.

मग चीनमधल्या ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापार मेळ्यात आमचीच मिल दिसली, फक्त लाल रंगाची. ओतकामाच्या जुन्या पॅटर्नमुळे (साच्यामुळे) आमची ग्रीस निपल, म्हणजे वंगण भरायचे तोंड, डावीकडे, अडचणीच्या जागी येते. त्यांचीही डावीकडेच! दर मात्र आमच्या कच्च्या मालाच्या खर्चाच्या आसपास. २००१ साली चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, २००९ पासून आफ्रिकेचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार झाला, हे सगळे पेपरात येते. पण चिनी निर्यातदाराला निर्यातीवर मिळणारा कराचा परतावा आणि उधारीला सरकारी विम्याचे पाठबळ, हे लाल मिलशेजारी उभे राहिल्यावरच कळते. मोंबासा-नैरोबी रेल्वेसुद्धा चिनी कर्जावर चिनी कंपनीने बांधली, २०१७ ला सुरू झाली. आमचे कंटेनरही त्याच गाडीने जातात. भाडे भरताना दर वेळी हसू येते.

आम्हाला बुडवत होते ते मात्र नायजेरियातले लागोस. २०१५ च्या जूनमध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने ४१ वस्तूंच्या आयातीला डॉलर देणे बंद केले. मिल त्या यादीत नव्हती, पण डॉलरची टंचाई सगळ्यांनाच भोवली. आमचा माल नव्वद दिवसांच्या उधारीवर गेलेला. गिऱ्हाईक बेईमान नव्हता, त्याच्या खात्यात नायरा, म्हणजे तिथले चलन, पडून होते, डॉलर मिळत नव्हते. २० जून २०१६ ला बँकेने नायराचा दर बाजारावर मोकळा सोडला आणि डॉलरचा भाव एका दिवसात १९७ वरून २८० च्या वर गेला. त्याच्या भांडवलाचा मोठा हिस्सा तिथेच उडाला. इकडे आमच्या बँकेने पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीचा माल बनवायला दिलेले कर्ज, थकीत धरले. मोठा लेथ विकला तेव्हा पगार झाले. लाल मिलवाले तिथेच टिकून राहिले आणि २०१८ ला नायजेरिया आणि चीनमध्ये नायरा-युआन (चिनी चलन) अदलाबदलीचा करारही झाला. आमच्या वाट्याला असली सोय आली नाही.

त्या काळात शेठनी हातोड्यांची ऑर्डर दिली आणि सगळे पैसे आगाऊ पाठवले. पत्र नाही, काही नाही. बँकेचा संदेश आला तेव्हाच कळले.

नव्याने निर्यात करणाऱ्यांनी ऐकावे : नव्या गिऱ्हाइकाला उधारी नको, तीस टक्के आगाऊ आणि बाकी पैसे मालाची कागदपत्रे हाती देताना. केनियाचा तपासणी दाखला माल भरण्याआधीच काढा, नाहीतर बंदरात दंडासह तपासणी होते. आणि जाळीचा एक जादा सेट पेटीत टाकाच, तो मागितला जातोच.

लागोसचे पैसे तुकड्या-तुकड्याने आले, पुढची वर्षे बरी गेली. शेठ आता दुकानात बसत नाहीत, मुलगा बघतो. तो मिल लाल रंगाची विकतो आणि हातोड्या आमच्या. राग आला होता, खोटे कशाला बोलू? पण मिल एकदाच विकली जाते, हातोड्या दर हंगामाला झिजतात. यंदा हातोड्यांसाठी वेगळी भट्टी घातली आहे.