चौकशीच्या वहीतून महिनाभराच्या पोस्ट

छोट्या व्यवसायाचं सोशल मीडियाचं वेळापत्रक बहुतेक वेळा कॅलेंडर उघडून सुरू होतं. दिनविशेष पाहायचे, त्या दिवशी शुभेच्छा, मध्ये एखादा सुविचार, उरलेल्या जागी कामाचे फोटो. महिना भरतो, लाइक येतात, ओळखीचे लोक 'छान' म्हणतात. पैसे देणारं नवं गिऱ्हाईक मात्र येत नाही, कारण पैसे देण्याआधी त्याच्या मनात जे प्रश्न असतात, त्यांतल्या एकाचंही उत्तर त्या महिन्याच्या पोस्टमध्ये सापडत नाही.

म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि फोन मिळून गेल्या ३०-४० चौकशा त्यात उतरवा. चार रकाने पुरेत: माणसाने पहिलं वाक्य काय लिहिलं, पुढे काय विचारलं, संवाद कुठे थांबला, शेवटी पैसे दिले की नाही. पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवायचं, सुधारायचं नाही. वॉटरप्रूफिंग करणारा स्वतःच्या पेजवर 'सर्वसमावेशक जलरोधक उपाय' लिहितो. गिऱ्हाईक लिहितं, 'बेडरूमच्या भिंतीला ओल येतेय, रंगाचे पोपडे पडतायत.' पोस्टची पहिली ओळ गिऱ्हाइकाच्या या वाक्यासारखी असायला हवी. माणूस स्वतःची अडचण ओळखून थांबतो, तुमच्या सेवेचं नाव वाचून नाही.

वही भरली की प्रश्न आपोआप गटांत पडतात. माझ्या बाबतीत हे लागू पडेल का? किती लागतील आणि ते कशावर ठरतं? किती दिवस? बिघडलं तर जबाबदारी कोणाची? तुम्ही याआधी असं काम केलंय का? प्रत्येक व्यवसायात यांचं वजन वेगळं. फर्निचर करून घेणाऱ्याला दिलेली तारीख पाळली जाईल का, ही शंका सगळ्यात जास्त भेडसावते. फिजिओथेरपिस्टकडे येणारा 'किती वेळा यावं लागेल' विचारतो. करसल्लागाराला लोक 'कोणते कागद लागतील' विचारतात, पण खरी भीती उशीर झाल्याची आणि दंडाची असते. संवाद जिथे वारंवार थांबतो तो प्रश्न सगळ्यात मोलाचा. तो लाल पेनाने लिहा.

व्यवसाय नवा असेल आणि चौकशाच नसतील, तर असंच काम दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेतलेल्या दहा जणांशी बोला. शिवाय त्याच धंद्यातल्या इतरांचे गूगलवरचे अभिप्राय वाचा. त्यातले तीन ताऱ्यांचे जास्त कामाचे, कारण त्यात माणूस काय आवडलं आणि काय खटकलं, दोन्ही सांगतो.

किती चौकशा हव्यात?

पोस्ट किती टाकायच्या हे ठरवण्याआधी ही बेरीज करा. समजा महिन्यात सहा नवी कामं घेता येतात, आणि वहीप्रमाणे दहा चौकशांतून तीन कामं होतात. मग महिन्याला २० चौकशा हव्यात, म्हणजे आठवड्याला पाच. एवढंच. हजारो लोकांनी पाहणं हे तुमचं उद्दिष्टच नाही. आणि वहीत दिसलं की निम्म्या चौकशा तुम्ही जातच नाही अशा भागातून येतात, तर जास्त लोकांपर्यंत पोचण्याऐवजी योग्य लोकांपर्यंत पोचायचं आहे, हे कळतं. कुठे काम करता ते मग बायोमध्ये (प्रोफाइलवरच्या ओळखीत) आणि कॅप्शनमध्ये (पोस्टसोबतच्या मजकुरात) स्पष्ट लिहायचं.

एकट्या माणसाला आठवड्याला तीन, महिन्याला बारा पोस्ट झेपतात. त्यांची वाटणी मी अशी करेन: पाच पोस्ट वहीतल्या शंकांना, तीन झालेल्या कामाच्या पुराव्याला, दोन दर आणि कामाची पद्धत उलगडून सांगायला, एक 'हे काम कोणासाठी नाही' हे सांगायला, आणि एक थेट: या महिन्यात इतकी कामं घेऊ शकतो, हवं असेल तर असं कळवा. शेवटचे दोन प्रकार लोक टाळतात. 'कोणासाठी नाही' ही पोस्ट विश्वास वाढवते आणि चुकीच्या चौकशा कमी करते. थेट विचारायला संकोच वाटतो, हे समजण्यासारखं आहे. पण तुम्ही सध्या काम घेताय हे पाहणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं. स्टोरीमध्ये हे आठवड्यातून एकदा सांगायला हरकत नाही, तिथे बहुतेक ओळखीचे डोळे असतात.

एक पोस्ट, पानापानाने

ओलीचंच उदाहरण कॅरोसेल, म्हणजे बोटाने सरकवत पाहायच्या अनेक पानांची एक पोस्ट, म्हणून मांडू. सात पानं, प्रत्येकी १०८० बाय १३५० पिक्सेल, म्हणजे ४:५ चं उभं माप. ते फीडमध्ये चौकोनापेक्षा जास्त जागा घेतं.

पहिल्या पानावर पोपडे पडलेल्या भिंतीचा जवळून फोटो आणि गिऱ्हाइकाचं वाक्य. दुसऱ्यावर घरच्या घरी करायची चाचणी: फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर लावा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा, दोन दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या दमट हवेचा प्रश्न आहे. तिसऱ्यावर दोन्हींची कारणं आणि हे वाक्य: हवेचा दमटपणा असेल तर आधी खोली हवेशीर करा, आमची गरज लागणार नाही. चौथ्यावर दुरुस्तीचे टप्पे. पाचव्यावर दर कशावर ठरतो: भिंतीचं क्षेत्रफळ, बाहेरून पोचता येतं का, प्लास्टर किती सुटलंय. सहाव्यावर त्याच भिंतीचा कामाआधीचा आणि काही महिन्यांनंतरचा फोटो. सातव्यावर एकच विनंती.

ती विनंती नीट लिहिणं हे या सगळ्यात अवघड काम आहे. 'अधिक माहितीसाठी संपर्क करा' वाचून माणसाला काय लिहावं तेच कळत नाही, आणि तो पुढे सरकतो. त्याऐवजी: 'भिंतीचा एक फोटो जवळून आणि एक लांबून पाठवा, मजला कोणता ते लिहा. पाहायला यायची गरज आहे की नाही, ते त्याच दिवशी सांगू.' काय करायचं, किती सोपं आहे, बदल्यात काय मिळणार आणि कधी, एवढं त्यात आहे. एका पोस्टमध्ये 'फॉलो करा, शेअर करा, लिंक पाहा, फोन करा' असं सगळं मागितलं की यातलं काहीच घडत नाही.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये २,२०० अक्षरं मावतात, पण फीडमध्ये सुरुवातीची साधारण १२५च दिसतात. अडचण त्या तुकड्यात यायला हवी; 'आज आम्ही तुमच्यासाठी घेऊन आलो आहोत' यात तो वाया जातो. कॅप्शनमधली लिंक तिथे दाबता येत नाही, म्हणून लिंक बायोमध्ये ठेवा (पाचपर्यंत ठेवता येतात) किंवा स्टोरीत लिंक स्टिकर लावा. हॅशटॅग कामाशी नेमके जुळणारे तीन-चार लावा आणि पुढे चला.

व्हॉट्सॲपच्या चॅट लिंकमध्ये (जी दाबली की थेट तुमच्याशी चॅट उघडतो) आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो. त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात. बायोच्या लिंकवर 'नमस्कार, इन्स्टाग्रामवरून', स्टोरीच्या लिंकवर 'ओलीची चाचणी पाहिली', गूगलच्या प्रोफाइलवर तिसरा मजकूर. चौकशी कुठून आली हे मग कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय पहिल्याच मेसेजमध्ये दिसतं. काही जण तो मजकूर पुसतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' असं विचारण्याची सवय ठेवावी.

दर लपवायचा नाही

'दरासाठी इनबॉक्स करा' याने चौकशा वाढल्यासारख्या वाटतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त आकडा हवा असतो, आणि ज्याला खरंच काम करून घ्यायचंय तो संकोचाने विचारतच नाही. सुरुवातीचा दर लिहिता येत असेल तर लिहा, पण 'पासून' लिहिलं की त्यात काय काय येतं हेही त्याच ओळीत लिहा. नाहीतर पहिलं बोलणंच वादाने सुरू होतं. प्रत्येक कामाचा दर वेगळा असेल तर झालेली दोन कामं शेजारी ठेवा आणि एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त खर्च का आला, ते दाखवा. वाचणारा स्वतःचं काम त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसवतो आणि तयारीने येतो.

पुराव्याच्या पोस्टमध्ये आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, एकाच उजेडात घ्या. आधीचा अंधारात आणि नंतरचा दिव्यांच्या झगमगाटात असला की शंका येते, आणि ती रास्तच असते. गिऱ्हाइकाचं घर, चेहरा किंवा चॅटचा स्क्रीनशॉट वापरण्याआधी मेसेजवर परवानगी घ्या, नाव-नंबर झाका. अभिप्राय काम हातात देताना मागा, महिन्याने नाही. 'दोन शब्द लिहा' म्हटलं की 'खूप छान सेवा' मिळतं. त्याऐवजी विचारा: काम देण्याआधी तुम्हाला कशाची धास्ती होती? प्रत्यक्षात काय झालं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं, कारण तीच धास्ती पुढच्या माणसाला असते. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही आणि अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात.

व्हिडिओसाठी वेगळा दिवस काढण्यापेक्षा काम चालू असतानाच चित्रण करा. फोन उभा, लेन्स पुसलेली, प्रत्येक दृश्य पाच-सहा सेकंद न हलवता. आवाज नंतर शांत खोलीत भरला तरी चालतो. बोललेलं पडद्यावर लिहा, अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात. मात्र खालची पट्टी आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे ॲपची बटणं येतात. लोकप्रिय गाणी व्यावसायिक वापरासाठी मोकळी नसतात. ती लावली तर आवाज बंद होऊ शकतो, म्हणून व्यावसायिक वापराची परवानगी असलेलंच संगीत घ्या.

इनबॉक्समध्ये काय बिघडतं

पोस्ट चांगली, चौकशी आली, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं. तोवर त्या माणसाने आणखी तिघांना विचारलेलं असतं. बहुतेक गळती इथे होते, आणि दोष मात्र अल्गोरिदमला दिला जातो. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये स्वागताचा आणि कामाच्या वेळेबाहेरचा मेसेज लावता येतो. त्यात 'आपला संदेश मिळाला' एवढंच न लिहिता किती वाजेपर्यंत उत्तर येईल आणि तोवर काय पाठवून ठेवावं, ते लिहा. वहीतल्या दहा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं झटपट उत्तरांमध्ये साठवा. लेबलं पाचच: नवी चौकशी, दर दिला, आगाऊ आली, काम चालू, नंतर विचारायचं.

दर दिल्यावर शांतता पसरली तर दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी, असं दोनदाच विचारा. 'काय ठरलं?' याने माणूस अवघडतो. त्याच्या कामाशी जुळणारा एखादा फोटो पाठवा, किंवा खर्च कमी करायचा तर कोणता भाग पुढे ढकलता येईल ते सांगा. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून काम संपल्यावर नंबर सेव्ह करायला सांगणं हीसुद्धा नियोजनातलीच पायरी.

दर आठवड्याला पंधरा मिनिटं वहीला द्या: कोणत्या पोस्टवरून किती चौकशा, कितींना दर दिला, कितींनी पैसे दिले. दोन दिवसांत निकाल लावू नका, लोक जुन्या पोस्ट वाचून आठवड्यांनी येतात. आठ आठवड्यांचं चित्र पाहा. पाहणारे भरपूर पण चौकशी नाही, तर विषय फार सर्वसाधारण आहे किंवा शेवटची विनंती अस्पष्ट. चौकशा भरपूर पण दर देण्यापर्यंत जात नाहीत, तर चुकीची माणसं येतायत. भाग आणि कमीत कमी काम किती ते लिहा. दर देऊनही काम मिळत नाही, तर प्रश्न पोस्टचा नाही, दरपत्रकाचा आहे: त्यात मुदत, हमी आणि पैशांचे टप्पे आहेत का ते पाहा. जाहिरातीवर पैसे घालायचे तर ज्या पोस्टने फुकटात चौकशा आणल्या तिच्यावरच घाला, आणि उद्दिष्ट लाइक नव्हे, मेसेज निवडा.

इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर तीन पोस्ट वर पिन करता येतात. त्या जागी काय करता, कसं करता आणि पुरावा, अशा तीन ठेवा. चौकशा आणणारी पोस्ट तीन-चार महिन्यांनी नव्या फोटोसह, नवी पहिली ओळ देऊन पुन्हा टाका. आणि हात कामाने भरले तरी पोस्ट बंद करू नका, कारण आजची पोस्ट वाचणारा अनेकदा पुढच्या महिन्यात विचारतो. तेव्हा फक्त विनंती बदलायची: 'सध्या जागा नाही. पुढची तारीख या आठवड्यात मोकळी होते. नाव नोंदवायचं असेल तर भिंतीचे फोटो आत्ताच पाठवून ठेवा.'