पहिल्या महिन्याचं पान

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी जेवणं आटोपली आणि बाबांनी टेबलावरच वही उघडली. घरखर्चाची ती लांबट वही. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, दुधाचा हिशेब चुकता झाला की शेजारी बारीक बरोबरची खूण. माझ्यासाठी कोरं पान काढलं होतं. वर 'श्टुटगार्ट', म्हणजे जर्मनीतलं ज्या शहरात मी शिकायला चालले आहे ते. खाली पट्टीने मारलेली रेघ.

मी लॅपटॉप पुढे केला. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच सुटते. त्यात भरलेले 11,904 युरो, महिन्याला मिळणारे 992. युरो शंभराला धरला तर जवळजवळ बारा लाख झाले. खोली 430, आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, किराणा 220, प्रवासाचा पास 63 (2023 मध्ये सुरू झाला तेव्हा हाच पास 49 ला होता), फोन 15. वजा जाता 114 उरतात. मला फार हुशार वाटत होतं.

"आणि फी?"

ती कर्जातून. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो भरावे लागतात, ते मी वेगळे धरलेत. बाबांनी मान हलवली.

"बरं. हे 992 हातात कधी पडणार?"

"एक तारखेला."

"कुठल्या एक तारखेला?"

इथे माझी बोबडी वळली. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसासमोर बसलं की असं होतं.

मग तिथल्या सीनियरला फोन लावला. तिने सगळा क्रम सांगितला. आधी घर, मग घरमालकाचं पत्र घेऊन महापालिकेत पत्त्याची नोंदणी, मग तिथल्या बँकेत खातं, आणि त्यानंतर ब्लॉक्ड अकाउंटची पहिली रक्कम. नोंदणीची वेळ लवकर मिळाली नाही तर तीन-चार आठवडे सहज जातात. आणि नेमक्या त्याच दिवसांत डिपॉझिट भरायचं. ते 'काल्टमीटे'च्या तिपटीपर्यंत असू शकतं. काल्टमीटे म्हणजे हीटिंग वगैरे न धरता नुसतं भाडं. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं म्हणे. हे ऐकून बाबांचा चेहरा जरा खुलला, पण पहिला हप्ता आणि पहिलं भाडं हातात रोख असायलाच हवं. शिवाय खोली रिकामी मिळाली तर गादी, उशी, दिवासुद्धा आपणच आणायचा. काही घरांत तर स्वयंपाकाचा ओटाही आधीचा भाडेकरू काढून घेऊन जातो!

म्हणजे बारा लाख भरूनही पहिल्या महिन्यात खिशात खडखडाट. मी वर्षाचं गणित केलं होतं आणि अडचण सगळी पहिल्या पाच आठवड्यांची. ज्या सल्लागाराला आम्ही पैसे मोजले, त्याच्या कागदावर हे एका ओळीनेही नव्हतं. तिथे फक्त 'राहणे-खाणे : 992' असं ठळक अक्षरांत छापलेलं.

बाबांनी पान उलटलं आणि नवा मथळा घातला : 'पहिला महिना, वेगळा'. 1800 युरो. विमानाच्या तिकिटाचे उरलेले पैसे आणि माझी पोस्टातली आवर्त ठेव मोडून. ठेव मोडताना मला वाईट वाटलं, त्यांना नाही.

"पार्ट-टाइमचं काय धरू?" मी विचारलं. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं.

"न मिळालेला पैसा जमेला धरायचा नसतो."

शेवटी तो आकडा पेन्सिलने लिहिला. समासात.

मधेच आजी तुपाची बरणी घेऊन आली. दूध-तुपाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, हे तिला समजावता समजावता नाकी नऊ आले. "अगं, घरचं आहे," हेच चालू. मग म्हणाली, "लोणी तरी मिळतं ना तिकडे? कढवून घे." किराणाच्या 220 मध्ये लोणी मी धरलंच नव्हतं. पोळ्यांना पीठ मळायचा वेळही नव्हता धरला. आमच्याकडे मावशी सकाळी आठला येतात, त्यामुळे पोळी हा खर्चही आहे हे मी विसरूनच गेले होते. तुळशीबागेतून आणलेला तीन लिटरचा कुकर वजनकाट्याला लावला तर काटा दोन किलोच्या पुढे. तरी तो जाणार.

सीनियरने फोन ठेवताना बजावलं, "तिथे आल्यावर प्रत्येक गोष्टीला शंभराने गुणू नकोस, उपाशी राहशील." मला वाटतं, भाड्याला आणि डिपॉझिटला गुणायचं, कॉफीला नाही. तिचं घर चौघींचं आहे, म्हणून रेडिओ-टीव्हीची महिन्याची सक्तीची 18.36 युरोची वर्गणी चौघींत मिळून एकदाच जाते. बाटल्या परत केल्या की 25 सेंट सुटतात, त्याचीही ती वेगळी पिशवी ठेवते. बाबांना ही मुलगी फार आवडली.

केस कापायला तिला गेल्या महिन्यात 28 युरो पडले. बाबांनी लगेच गुणाकार केला, माझ्याकडे पाहिलं आणि खर्चाच्या बाजूला शेवटची ओळ लिहिली : 'निघण्याच्या आदल्या दिवशी, पुण्यात, केस. 300 रु.'